माया मेश्राम थोरल्या दिराला बाहेर पाठवते

रायपूरमधल्या गुढियारीच्या माया मेश्रामला मी पहिल्यांदा पाहिलं ते अकरा मार्चला, मंगळवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. त्याआधीचा अर्धा तास मला आजही नीट बसू देत नाही.

माझी भाची अनुश्री रायपूरच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल होती. कळा सुरू होऊन थांबल्या होत्या. शेजारच्या खाटेवर ओडिशातल्या कोरापुटकडची एक उडिया बाई होती. तिला जेमा म्हणू. खरं नाव लिहिणं बरं नाही. तिची ही दुसरी खेप. नवरा चेन्नईला कामावर, म्हणून थोरला दीर त्रिनाथ तिला घेऊन आला होता. तो उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होता आणि त्याला हिंदी येत होती. तिला हिंदीचा एकही शब्द येत नव्हता. एरवी त्या खोलीत पुरुषांना मज्जाव. पण उडियाची दुभाषी दुसऱ्या वॉर्डात अडकली होती, म्हणून नर्सने त्यालाच आत घेतलं.

मधला पडदा अर्धाच ओढलेला होता. डॉक्टर भार्गव, तिशीतल्या बाई, उभ्या उभ्या विचारत होत्या.

"पहला बच्चा घर में हुआ?"

"हाँ मैडम."

"खून ज्यादा गया था?"

"नहीं मैडम, सब ठीक था."

"कागज?"

"गाँव में छूट गया."

असे नऊ प्रश्न झाले. त्याने एकदाही वळून तिला काही विचारलं नाही. ती पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. कळ आली की पाय आखडायचे, आवाज मात्र नाही.

मी उठले.

"मावशी, बस ना. दुसऱ्यांच्यात नको पडू," अनुश्री म्हणाली.

बसले. पुन्हा उठले. नर्सला म्हटलं, तो तिला विचारतच नाहीये.

"आंटी, घर का आदमी है, उसको सब पता है. आप अपनी वाली को देखिए."

डॉक्टरांनी तिला प्रसूतीच्या खोलीत हलवायला सांगितलं. स्ट्रेचर आलं. तेवढ्यात धापा टाकत दुभाषी माया आली. पन्नाशीची, ठेंगणी, निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. त्यावर मेश्राम हे आडनाव वाचलं आणि मी मराठीतच सगळं सांगून टाकलं.

"काकू, तुम्ही काहून उभ्या आहा? बसा. मी पाहून राहिली," ती म्हणाली. एकदा जेमाच्या पदराकडे पाहिलं, एकदा त्रिनाथकडे, आणि थेट डॉक्टरांना म्हणाली, "मैडम, ये इसके जेठ हैं. उधर बहू जेठ के सामने मुँह नहीं खोलती. इसने अब तक कुछ बताया ही नहीं है."

"इन्होंने तो सब बताया," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"इन्होंने अपना बताया. मुझे पाँच मिनट दीजिए. भैया, आप बाहर."

त्रिनाथ भडकला. "मैं ड्यूटी छोड़ के आया हूँ. मेरी बेटी जैसी है वो."

"तो अभी उससे एक बात पूछिए. कुछ भी."

त्याला खाटेकडे पाहायलाही जमेना. मग मान खाली घालून बाहेर गेला. वाईट माणूस नव्हता. त्याला आपण चुकतोय हेच कळलं नव्हतं.

मायाने पडदा पूर्ण ओढला. आता मला फक्त आवाज येत होते. आधी मायाची उडिया. मग एक बारीक, चिरका आवाज, आणि तो सुरू झाला तो थांबेचना. माया मागोमाग हिंदीत सांगत होती, जणू स्वतःबद्दलच:

"पहली बार मेरा खून बंद नहीं हुआ. तीन साड़ियाँ भीग गईं. मुझे खाट पर डाल के ले गए. दो बोतल खून चढ़ा. जेठ जी तब यहाँ थे, उनको किसी ने नहीं बताया."

डॉक्टर एकदम पडद्याबाहेर आल्या. "ब्लड बैंक को फोन करो. दो यूनिट, अभी. जब तक खून ऊपर नहीं आता, कोई जगह न छोड़े." नर्स धावली. आतून मायाचा आवाज आला, "मैडम, वो पूछ रही है, मैं मर जाऊँगी क्या?" डॉक्टर परत आत गेल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी जेमाला आत नेलं. माया सोबत गेली. अनुश्रीच्या कळा अजून नव्हत्या. मी दारापर्यंत जात होते आणि परत येत होते. माझ्या आठ फेऱ्या झाल्या. त्रिनाथच्या किती झाल्या, मोजल्या नाहीत.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी माया बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारी टेकली. डबा उघडला, पण खाल्लं नाही. जेमाला मुलगी झाली होती. रक्त पुन्हा तसंच सुटलं, एक बाटली चढवून झाली, दुसरी चालू होती. डॉक्टरांनी त्रिनाथला हे सांगितलं तोवर माया उभीच होती. तिला उडिया कशी येते, ते मी विचारलं. वडील दयाराम रूळ दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये ओडिशातल्या रायगड्याला होते; ती तिथेच जन्मली, उडिया शाळेत शिकली. लग्न होऊन रायपूरला आली आणि तीस वर्षं ती भाषा तिच्या तोंडात आली नाही. मग रुग्णालयाची जाहिरात, दोन महिन्यांचं प्रशिक्षण, परीक्षा. "आधी तर मी ब्लाऊज शिवत होती, काकू. माझी पोट्टी म्हणे, माँ, तू फेल होगी. पास झाली ना!"

त्रिनाथ समोर येऊन उभा राहिला. "मेरे बारे में कुछ बोली क्या?"

"जो बोली, डॉक्टर को बोली. मेरा काम पहुँचाना है, इधर-उधर बताना नहीं."

तो गेला नाही. मिलमध्ये काळ्या पडलेल्या नखांनी मोबाइल चोळत राहिला. मग म्हणाला, "पूछ दो उससे. माँ को बुला लूँ?"

माया डबा ठेवून आत गेली. दोन मिनिटांनी आली.

"हव, बुला लो. लेकिन आपकी नहीं. अपनी माँ को बुला रही है."

त्रिनाथने मोबाइल वर धरला, यादीवरून बोट फिरवलं, थांबला. चेहरा पडला.

"उनका नंबर तो मेरे पास नहीं है. दीदी, वो भी पूछना पड़ेगा."

माया पुन्हा उठली.