पार्ट बदलू की राहू दे?

गॅरेजच्या काउंटरवर बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडी आली की मागोमाग माणूस येतो, आणि माणूस आला की प्रश्न येतो, "मॅडम, खरंच बदलायला लागेल का?" गेली नऊ वर्षं मी नाहूरच्या एका गॅरेजमध्ये या एकाच प्रश्नाचं उत्तर देतेय. अजून मला ते नीट येत नाही!

मालक परब मामा. मूळचे मालवणचे, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुजाता, जां आसा तां सांगूचा. नाय आसा तां नाय सांगूचा. बस्स!" मला वाटलं, किती सोप्पी नोकरी.

* * *

मुलुंडचे एक रिटायर्ड काका गोव्याला निघाले होते. गाडी दाखवायला आले. मामांनी सगळी गाडी खालून-वरून तपासली. मी काकांना आनंदाने सांगितलं, "काका, काहीच करायला नको. बिनधास्त जा."

काकांचा चेहरा पडला. "काहीच नको?"

"काहीच नको."

"नीट बघितलंत ना?"

काका तडक दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे त्यांचे चारही ब्रेक पॅड बदलले. गोव्याहून आल्यावर ते जुने पॅड पिशवीत घालून मुद्दाम आम्हाला दाखवायला घेऊन आले. "बघा! आणि तुम्हाला दिसलं नाही!"

पॅड चांगले जाड होते. मी म्हटलं, "काका, हे अजून वर्षभर आरामात चालले असते."

काकांनी पॅड परत पिशवीत घातले. मग हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या धंद्यावर असं जळू नये."

* * *

तेव्हापासून मामांनी ठरवलं, जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे शंकाच नको.

पहिलंच गिऱ्हाईक निघालं वकील! "हा पार्ट माझ्याच गाडीचा कशावरून?"

यावरही मामांनी तोड काढली. पार्ट काढायच्या आधी गिऱ्हाइकाने त्यावर मार्करने सही करायची. वकीलसाहेब खूश. पुढच्या वेळी एअर फिल्टर बदलायचा होता, तर त्यांनी जुन्या फिल्टरवर झोकात सही ठोकली, खाली तारीखसुद्धा टाकली.

गाडी तयार झाली. वकीलसाहेब म्हणाले, "माझी सही दाखवा."

मी आमच्या मेकॅनिकला, रफिकभाईंना हाक मारली. रफिकभाईंनी बॉनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. सही एकदम ठळक दिसत होती. गाडीतच!

"रफिकभाई, जुनाच परत बसवला?"

"अरे, साहेबांनी साइन केली ना! मला वाटलं पास झाला!"

* * *

घाटकोपरच्या एक शिक्षिका. त्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट जुना झाला होता. तो तुटला तर इंजिनची वाट लागते. मी तसं सांगितलं.

"कधी तुटेल?"

"सांगता येत नाही बाई. उद्या तुटेल, नाहीतर दोन वर्षं चालेल."

"मग मी दोन वर्षांनी येते," असं म्हणून त्या गेल्या.

मला त्या रात्री झोप नाही. घाटात गाडी बंद पडली तर? आणि दोन वर्षांनी बाई खरंच आल्या, त्याच बेल्टवर, हसत हसत! "आता बदला." बदलला. जुना बेल्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "खरं सांगा, हा अजून किती चालला असता?"

मला खोटं बोलवेना. "उद्या तुटला असता, नाहीतर दोन वर्षं चालला असता."

बाईंनी बेल्ट काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "वर्गात मुलं असं उत्तर देतात ना, तेव्हा मी अर्धा मार्क देते."

* * *

साकीनाक्याचा संतोष दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. एकदा आला तेव्हा त्याचे ब्रेक पॅड खरंच संपत आले होते. म्हणाला, "ताई, शेठ माझं ऐकत नाही. तुम्ही फोन करा. जरा वाढवून सांगा ना यार!"

वाढवून कशाला? आहे ते सांगितलं. "शेठ, पॅड संपत आलेत."

"संपत आलेत की संपलेत?"

"संपत आलेत."

"मग संपले की फोन करा!" फोन कट.

संतोषने सगळं ऐकलं होतं. "एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं ताई? ब्रेक तर मी दाबतो." माझे वडीलही ड्रायव्हर होते.

मी परत फोन लावला. "शेठ, एक काम करा. या रविवारी बायकामुलांना बसवून तुम्हीच ही गाडी चालवा. मग सांगा, राहू दे की बदलू."

शेठने घसा खाकरला. मग, "बदला."

संतोष खूश! मी मात्र गोंधळले. खोटा शब्द एकही बोलले नव्हते. पण ही इमानदारी झाली की दादागिरी?

* * *

कांजूरमार्गचे सावंत गाडी घेऊन आले, तेव्हा मामा स्वतः गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "लोअर आर्म बदलून घेवा. पुढच्या चाकाचो आधार आसा तो." सावंत म्हणाले, "बघू." आणि गेले.

सहा महिन्यांनी पेढे घेऊन हजर!

"आर्म बदललात?" मी विचारलं.

"छे! काही झालं नाही गाडीला. पेढे गाडी विकली म्हणून."

"त्याच अवस्थेत? कोणाला विकलीत?"

सावंतांनी माझ्या मागे बोट दाखवलं. मागे मामा उभे होते, पेढा खात.

आता मामा रोज त्याच गाडीने येतात, त्याच गाडीने जातात. परवा संध्याकाळी म्हणाले, "चल गो, मुलुंडपर्यंत सोडतंय तुका." मी पुढच्या सीटवर बसले. दार लावलं. आठवडाभर घोळत असलेला प्रश्न शेवटी तोंडातून बाहेर पडलाच.

"मामा, तो आर्म बदललात ना?"

मामांनी गिअर टाकला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "सीटबेल्ट लाव."