पहिली पसंती: हाडं

माझ्या भाचीला घरात सगळे जंतू म्हणतात. नाव मीच ठेवलं. डॉक्टर झाल्यापासून तिच्या तोंडी एकच विषय, कुणाला कुठला ताप आला आणि का आला. तोही जेवताना! "बाई गं, घास तरी गिळू दे," मी म्हणायची.

तिचे बाबा, म्हणजे माझा भाऊ, हाडांचे डॉक्टर. दवाखान्याचा वरचा मजला त्याने लेकीसाठी बांधून ठेवलेला. पाटीसुद्धा रंगवून तयार.

जंतूला मात्र पुढे संसर्गाचे रोगच शिकायचे होते. वर्गातली पोरं हसायची. "त्यात ना कापाकापी, ना मशीन. दिवसभर खोकणाऱ्यांपुढे उभं राहून डोकं शिणवायचं!" वहिनी तर पोरगी वॉर्डातून आली की आधी न्हाणीघरात पिटाळायची आणि तिचे कपडे वेगळ्या बादलीत.

पण एकदा एक बाई तीन आठवडे तापाने फणफणत होती. मोठमोठे डॉक्टर तपासण्या करून दमले. जंतूने स्टूल ओढलं आणि तासभर गप्पा मारल्या. बाईच्या शेळ्या होत्या, धारेचं दूध ती तसंच, न तापवता प्यायची. तिथेच रोग सापडला! त्या दिवशी पोरगी घरी नाचत आली.

मग पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा झाली आणि पसंतीचा फॉर्म आला. शाखा क्रमाने लिहायच्या, जागा मार्कांप्रमाणे. मिळालेली जागा सोडली तर दोन वर्षं परीक्षा बंद. भाऊ खुर्ची टाकून शेजारीच बसला. जंतूने पहिली हाडं लिहिली, दुसरा संसर्ग. नंतर स्वयंपाकघरात माझ्या कानाला लागली.

"आत्या, गेल्या वर्षी हाडं दोनशेव्या नंबरालाच संपली. माझा तीनशे दहावा. मिळतातच कशाला! बाबा खूश, मीही खूश. संसर्गाच्या जागा तर शेवटपर्यंत पडून असतात."

"लबाड! माझ्यावर गेलीस," मी म्हटलं. कौतुकाने म्हटलं, हेच मला खातं.

त्या वर्षी पुढच्या हुशार पोरांनी कातडी धरली, एक्स-रे धरले. रात्री झोप मिळते म्हणे. हाडं घसरत घसरत थेट तीनशे बारावर आली.

यादी बघून भावाने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. जंतू सोफ्याच्या कडेवर बसून होती, पाहुणी बसते तशी.

"बोल की त्याला," मी कुजबुजले.

"काय बोलू? त्यांच्यासमोर माझ्याच हाताने लिहिलंय."

नाव नोंदवायला आम्ही तिघं गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "नशीबवान आहात, मॅडम. हाडांची शेवटून तिसरी जागा. संसर्गाच्या चार अजून तशाच आहेत, कुणी फिरकत नाही तिकडे."

भाऊ मोठ्याने हसला. "कोण जाईल मरायला!"

मी तोंड उघडलं, तर जंतूने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. मग तिने सही केली, एकदा, दोनदा, तीन प्रतींवर.

बाहेर पडताना भावाने तिचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. "उद्यापासून व्यायाम सुरू कर हं. मांडीचं हाड ओढायला ताकद लागते."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि मनगट तिने सोडवून घेतलं नाही.