सासऱ्यांचा पक्का जोड

जगातली प्रत्येक वायर आपली पाठ वळायची वाट बघत असते आणि मग सुटते, असं मनापासून मानणारा माझ्या सासऱ्यांसारखा दुसरा माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही. तिथल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणाऱ्या कारागिराला ते सरळ 'आगलाव्या' म्हणतात. त्यांची रीत वेगळी. दोन्ही टोकं तांब्याच्या नळीत घालायची, पकडीने दाबायची, वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवायची आणि जोड ओढून बघायचा. तीनदा. गिऱ्हाईक "झालं का?" म्हणालं, की चौथ्यांदा. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी हे मांडवाच्या खांबाशी. सासूबाई म्हणाल्या, "अहो, मुलगी निघाली!" "हो, पण ही वायर गरम लागतेय," असं म्हणत ते डोळे पुसत होते.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडी काढा. हरसूलला जायचंय."

आदल्या दिवशी त्यांनी तिकडच्या एका प्रवासी जीपमध्ये जोड मारला होता, डिझेलच्या नळीजवळ. तो ओढून बघितल्याचं त्यांना आठवेना. ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. "आज तिकडे बाजार," ते म्हणाले. "जीप खच्चून भरणार." रस्ताभर ते समोरून येणारी प्रत्येक जीप निरखत होते. लांब कुठे धूर दिसला, की माझा दंड धरायचे. "शेतात पाला जाळतायत, बाबा," असं मी चारदा सांगितलं. पाचव्यांदा माझीच खात्री राहिली नाही.

जीप बाजारापाशीच उभी होती, माणसांनी भरलेली, निघायच्या बेतात.

"काका, गाडी लय भारी चालते. कशाला उघडता?" ड्रायव्हर म्हणाला.

"आधी माणसं उतरव."

माणसं कुरकुरत उतरली. सासऱ्यांनी बॉनेट उघडून आपला जोड ओढला. तसूभर हलला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण त्यांचा हात वायरीवरून तसाच पुढे गेला आणि वीतभर अंतरावर थांबला. तिथे कुणाचा तरी जुना, पिळलेला जोड होता. टेप वितळलेली, तार उघडी, खाली डिझेलची नळी.

"हा माझा नाही," ते हळूच म्हणाले.

ड्रायव्हर वाकला. "आयला! हे तर जळालंय की, काका."

सासऱ्यांनी तो जोड कापून नव्याने केला. सगळ्यांत जास्त कुरकुरणाऱ्या म्हातारीने मुकाट्याने आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

मला वाटलं, आता ते खुशीत येतील. परतताना एवढंच म्हणाले, "काल माझा हात त्याच्यावरून गेला होता हो. टेप सोडून बघितली नाही."

मग त्यांनी डोकं सीटला टेकवलं. थोड्या वेळाने वळून पाहिलं, तर त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, काजळीने माखलेली बोटं मांडीवर सैल पडलेली. इतक्या वर्षांत त्यांना असं निवांत मी कधी पाहिलंच नव्हतं. नाशिक रोडला त्यांचं घर आलं, तरी मी थांबलो नाही. कॉलनीला सावकाश आणखी एक फेरी मारली.