खांद्यावरचा हात

आमच्या विद्यापीठात जुने फोटो स्कॅन करून जतन करण्याचं काम माझ्याकडे आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले लोक भिंतीवरचं, पेटीतलं जे असेल ते घेऊन येतात. आम्ही स्कॅन करतो, माहिती विचारून नोंद लिहितो आणि मूळ फोटो लगेच परत देतो. वस्तू ठेवून घेत नाही, म्हणून लोक निर्धास्त आणतात आणि मलाही कुलूपकिल्ल्यांची काळजी नसते.

या कामात एक गोष्ट लवकर ध्यानात येते. मागच्या पिढीतल्या बाईचा एकटीचा फोटो क्वचितच सापडतो. जिवंतपणी तिला स्टुडिओत नेण्याचं कोणाला सुचत नाही. ती गेली की मुलं कुठल्या तरी लग्नातला, नाही तर कार्यक्रमातला ग्रुप फोटो हुडकतात आणि स्टुडिओत देतात. स्टुडिओवाला तिला त्यातून कापून काढतो, मोठी करतो, मागे पडदा नाही तर निळं आकाश रंगवतो. तेरवीला किंवा बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला फ्रेम हजर. घाईच्या कामात शेजारणीचा कोपर, कोणाच्या पदराचं टोक तसंच राहून जातं. मूळ ग्रुप फोटो मात्र स्टुडिओतून सहसा परत येत नाही, आणि फ्रेम मिळाल्यावर तो मागायचं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

अकोल्याहून एक निवृत्त नर्स अशीच फ्रेम घेऊन आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागले. फोटो त्यांच्या आईचा. चांदूर बाजारकडच्या एका गावातली, बौद्ध वस्तीतली, मजुरी करणारी बाई. मागे रंगवलेलं आकाश आणि उजव्या खांद्यावर एक परका हात. चार बोटं, मनगट, बांगड्यांमध्ये एक जाड पाटली. त्यापुढे आकाश.

“मॅडम, तेवढा हात काढून टाका,” सिस्टर म्हणाल्या.

“आम्ही काढत नाही.”

“काहून? आजकाल शाळेतले पोट्टे मोबाइलवर काढून देतात.”

“फोटो जसा आहे तसा ठेवायचा, हाच आमचा नियम आहे.”

“मंग कायची युनिव्हर्सिटी तुमची!” त्यांनी फ्रेम पिशवीत घालायला घेतली. “माह्या आईचा हा एकच फोटो. जो येते तो पहिले इचारते, हात कोणाचा? आईकडे कोणी पाहतच नाही.”

हे म्हणणं मला पटलं, पण नियम मोडायला ते पुरेसं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, स्कॅन करू द्या, नोंद बंद ठेवते. हात कोणाचा हे कळेपर्यंत कोणाला दिसणार नाही. नाहीच कळलं तर स्कॅन पुसून टाकीन. हा फोटो आई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जायची तिथं काढलेला आहे, एवढं त्यांना माहीत होतं. “तुमी काही शोधत नाही,” असं म्हणत त्यांनी फ्रेम परत टेबलावर ठेवली.

मी त्याच गावात शिबिर लावलं. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल, त्यावर स्कॅनर. बघायला येणारे भरपूर, फोटो आणणारे थोडे. दुपारी माझ्याच वयाची एक बाई फ्रेम घेऊन आली. गावातल्या जुन्या शेतकरी घरातली सून. फोटो सासूचा. सासूचा डावा हात कोपरापर्यंतच होता. पुढे फुलदाणी रंगवलेली.

“हात?” मी विचारलं.

“गायब हाये,” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आली तवा मले वाटलं, सासू थोटी होती. नवऱ्याले इचारलं तं म्हणे, स्टुडिओवाल्यानं खाल्ला.”

“वहिनी, हा फोटो कुठं काढलेला?”

“ते रात्रीचे वर्ग भरत होते ना बायांचे, तिथला.”

मी लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी ठेवले. सासूच्या मांडीवरच्या उजव्या हातात तशीच जाड पाटली, तशाच बांगड्या. डाव्या कोपराची रेघ पुढे नेली की ती थेट सिस्टरांच्या आईच्या खांद्यावर जात होती. सून टेबलाभोवती फिरून माझ्या बाजूला आली. “अवो, सापडला की हात!” ती इतक्या जोरात ओरडली की झाडाखालचे म्हातारे उठून आले.

मी दोन्ही फोटो सिस्टरांच्या मोबाइलवर पाठवले आणि कोणत्या घरचा हात ते लिहिलं. उत्तराऐवजी त्या स्वतःच विद्यापीठात आल्या, अकोल्याहून सकाळच्या बसनं. लॅपटॉपच्या पडद्यासमोर बसल्या आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिल्या.

“याच घरच्या विहिरीवर आमाले पाणी भरू देत नव्हते,” त्या म्हणाल्या. “आई दूर घागर धरून उभी राहे. कोणी वरून ओतलं तं ओतलं. मी तिच्या संग जात होती, मी पायलं हाये.”

“मग पुसून टाकू स्कॅन?”

“नाही. हात राहू द्या. तिनं ठेवला, ते खरं हाये. पण मंग विहीरही लिहा. नुसता हात पाहून लोक म्हणतीन, किती गोड गाव होतं.”

मी त्यांच्यासमोरच नोंद लिहिली, त्यांच्या शब्दांत, आणि वाचून दाखवली. त्यांनी “घागर” शब्दाआधी “रिकामी” घालायला लावलं.

दोन नोंदी एकमेकींना जोडायच्या तर दोन्ही घरांना कळवावं लागतं. मी सुनेला फोन केला आणि मजकूर वाचला. पलीकडून तिच्या नवऱ्यानं फोन घेतला.

“आमच्या घरची बदनामी करून राहिले काय तुमी?”

“तुमच्या आईचा फोटो संग्रहातून मागे घ्यायचा असेल तर काढून टाकते,” मी म्हणाले. “त्यांच्या आईची नोंद मात्र अशीच राहील.”

मागून सुनेचा आवाज आला. “विहीर आपलीच होती ना? मंग आता कोनाशी भांडता?”

पलीकडे टीव्ही बंद झाला.

“राहू द्या फोटो,” तो शेवटी म्हणाला. “पण माह्या मायनं हात ठेवला होता, हेही लिहा.”

“ते फोटोत दिसतंच,” मी म्हणाले आणि दोन्ही नोंदी खुल्या केल्या.