सहावं बोट

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. भावाच्या नाही, लेकाच्या नाही, देवाच्याही नाही — देवळात गेलो की पाऊसपाण्याचं आणि गुराढोरांचं तेवढं बोलतो आणि घंटा वाजवून बाहेर पडतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही उत्रोलीचे नाही म्हणून असेल. आमच्या गावात मला मोठ्या मनाचा माणूस म्हणतात. तंटाबखेडा झाला की पंच म्हणून पहिलं बोलावणं मला येतं. ते का येतं, तेवढं ऐका.

माझ्या डाव्या करंगळीच्या बुडाशी, हाताच्या कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक उंचवटा आहे. लोक चामखीळ समजतात. लहानपणी आईला विचारलं, तर तिनं आधी दार लोटून घेतलं. म्हणाली, तू जन्मलास तेव्हा तिथं एक जादा बोट लोंबत होतं. सुईणीनं ते घोड्याच्या शेपटीच्या केसानं आवळून बांधलं आणि ते वाळून गळून पडलं. कुणाला सांगू नको, पुढं पोरगी कोण देईल? ती सुईण गेली, आईही गेली. हे जाणणारा मी एकटाच उरलो.

लग्न झालं. बायको गुंजवण्याची, सगुणा. पहिला मुलगा झाला, महादू — आणि त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं. लोंबणारं नव्हे, चांगलं हाडानखाचं बोट, केसानं बांधून पडण्यासारखं नव्हतंच ते.

आता आमच्या गावात बांगड्या भरायला भोरहून जो कासार यायचा, त्याच्याही हाताला सहा बोटं होती. सातव्या महिन्यात सगुणेचा हिरवा चुडा त्यानंच भरला होता, आमच्या ओसरीवर, साऱ्या बायकांच्या देखत. सुरुवातीला बायका म्हणाल्या, पोटुशी असताना त्या बोटावर नजर ठरली असेल. भोळ्या होत्या बिचाऱ्या. पण थोड्याच दिवसांत पाणवठ्यावर दुसरंच बोलणं सुरू झालं. गावातल्या बायकांचा हात धरणारा परका पुरुष तो एवढाच — मग बोलायला आणखी काय लागतं? सगुणा कानकोंडी झाली. पाण्याला जायची ती सगळ्या बायका येऊन गेल्यावर.

मी मायलेकरांना गाडीत घालून भोरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोट चाचपलं. म्हणाले, याला ना नजर कारण ना ग्रहण. हे रक्तातून उतरतं, बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून थेट लेकराला. पोर मोठं झालं की कापता येईल. तुमच्यापैकी कुणाच्या घराण्यात आहे का असं?

सगुणा म्हणाली, तिच्या माहेरी कुणाला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा डावा हात पाठीमागे केव्हा गेला, मलाच कळलं नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्यात बी कुणाला न्हाई."

डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले. पण त्यांचा कंपाउंडर आमच्या गावचा जावई होता! मग काय, बोलणं गावात पोचलं आणि नजर ठरली म्हणणाऱ्या बायकांचाही नाइलाज झाला. खुद्द डॉक्टरच म्हणाले ना, रक्तातून येतं म्हणून?

तेव्हा धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती. तिचं लग्न उरकलं की सांगू, असं मी मनाशी म्हणत होतो. लग्न उरकलं, तिला पोरं झाली — सांगितलं का? तिचं नाव पुढे करायलाही मला तोंड नाही.

भाऊबंद म्हणाले, बाईला माहेरी धाड. मी म्हणालो, पोरगं माझं आहे, ती इथंच नांदेल. खरंच होतं की ते! पण गावानं अर्थ लावला, की याला सगळं ठाऊक आहे, तरी पोटात घालतोय. केवढं मन म्हणावं! आणि मला ते — कसं सांगू — गोड लागलं. पोरांनी त्या कासाराची पेटी वाटेवर उधळली, काचांचा खच पडला, तेव्हा मी पारावरच होतो. उठलो नाही. तो पुन्हा गावात आला नाही.

इथवर नुसता भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

काही वर्षांनी मुलगी झाली. भाताच्या लावणीचे दिवस, सारं गाव चिखलात. घरात मी आणि सुईण आवडाई. सगुणा दमून गाढ झोपली होती. आवडाईनं मला मागच्या दारी बोलावून पोरीचा डावा हात दाखवला. करंगळीशी एवढंसं बोट, नुसत्या कातडीवर लोंबणारं.

"दादा," ती म्हणाली, "हे गावाला दावा. कासार तर गावात येत बी न्हाई आता. वैनीचं नाव धुऊन निघंल."

किती सोपं होतं! पोरीला उचलायचं आणि पारावर जायचं. पण मग लोकांनी कुणाकडे पाहिलं असतं? इतकी वर्षं मिरवलेलं ते मोठं मन कुठे ठेवलं असतं मी?

"बांधून टाक," मी म्हणालो. शेजारच्या घोडीच्या शेपटीचा केस मीच उपटून आणला. आवडाईला लुगडं दिलं, तिनं तोंड मिटलं. सगुणा जागी झाल्यावर सांगितलं, पोरीला चामखीळ होती, बांधलीय. तिनं त्या इवल्या हातावर फुंकर घातली.

"तुमच्यावानीच की," म्हणाली, आणि हसली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. मीही हसलो.

भोर संस्थान विलीन व्हायच्या आदल्या पावसाळ्यात सगुणा गेली. ताप उतरलाच नाही. अखेरीला तिला बोलणं जड जात होतं, तरी एकदा तिनं मला जवळ बसवलं.

"अवो, सम्द्या गावानं नावं ठिवली," ती म्हणाली. "पर तुमी मला येकदा बी इचारलं न्हाई. लई उपकार हायेत तुमचं माज्यावर."

विचारणार काय? मला ठाऊकच होतं. घरात आम्ही दोघंच होतो, लाजावं असं तिसरं कुणी नव्हतं. मी तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली आणि म्हणालो, "असू दे."