चुन्याखालचं नाव

विकत आणलेली वस्तू आहे तशीच वापरणं माझ्या वडिलांना कमीपणाचं वाटायचं. डहाणूला कचेरीबाहेर झाडाखाली त्यांचं टेबल होतं, टेबलावर मराठी टाइपरायटर आणि टेबलाखालच्या लाकडी पेटीत त्यांचे सगळे प्रयोग. रिबन वाळली की नवी आणायची नाही. स्टॅम्पपॅडची शाई, तीत दोन थेंब एरंडेल, आणि जुनी रिबन त्यात भिजवून दोन दिवस गुंडाळून ठेवायची. मग पहिल्या काही कागदांवर प्रत्येक अक्षराभोवती तेलाचा डाग पडायचा, पण बाबा कागद उजेडात धरून म्हणायचे, "बघ, कशी खुललीय!" फिका पडलेला कार्बनपेपर ते पत्र्यावर उन्हात टाकत. मेण सारखं पसरलं की त्यातून आणखी पुष्कळ प्रती निघतात, असं त्यांचं म्हणणं. निघायच्याही. फक्त शेवटची प्रत वाचणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असावं लागायचं.

पण त्यांचा खरा जीव होता पांढऱ्यावर. दुकानात मिळणारी व्हाइटनरची बाटली त्यांना अजिबात आवडत नसे. ते चकाकतं, म्हणायचे, साहेबाला लांबूनच कळतं की इथे चूक झाली होती. त्यांनी स्वतःचं पांढरं शोधलं होतं. तंबाखूच्या डबीतला चुना, बाभळीच्या डिंकाचं पाणी, आणि कागदाचा रंग यावा म्हणून चमचाभर कोरा चहा. दातवणाची काडी चावून केलेल्या कुंचल्याने ते हे मिश्रण चुकलेल्या अक्षरावर लावत, फुंकर घालत आणि वर बरोबर अक्षर टाइप करत. कुठे खाडाखोड झालीय हे खरंच ओळखू येत नसे. शेजारच्या टेबलावरचे वकील रोज एकदा तरी म्हणायचे, "मास्तर, सगळ्या तालुक्याला चुना लावलात की!" बाबा हसायचे. त्यांना ती शाबासकीच वाटायची.

मी त्यांच्याजवळ टाइप करायला बसू लागले तेव्हा वनहक्काचे दावे भरले जात होते. सायवनच्या बाजूच्या, तलासरीच्या बाजूच्या पाड्यांवरून माणसं यायची. जंगलाच्या ज्या तुकड्यावर बापजाद्यांपासून नाचणी-भात पिकवला, तो आपल्या नावावर व्हावा म्हणून. यांतल्या बहुतेकांकडे कागद असा नव्हताच. त्यामुळे पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालायचा. हा तुकडा अमका माणूस कसतो, मी लहानपणापासून बघतो आहे, एवढंच. तो जबाब आम्ही टाइप करायचो, आणि म्हाताऱ्याचा अंगठा घेण्याआधी बाबा तो मोठ्याने वाचून दाखवायचे. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. ज्याला वाचता येत नाही त्याने निदान ऐकावं, असं त्यांना वाटायचं.

त्या दिवशी तो मोडला. सकाळपासून गर्दी होती. सायवनकडच्या एका पाड्यावरून एक म्हातारा आला होता आणि त्याच्याबरोबर एक विधवा बाई, तेव्हा पन्नाशीची असेल. म्हाताऱ्याला दोन जबाब द्यायचे होते. टेकडीवरचा तुकडा त्या बाईच्या दिराचा, आणि ओहोळाकाठचा तिच्या नवऱ्याचा. दीर स्वतः आलाच नव्हता, तो गुजरातेत कंपनीत कामाला होता. बाई गर्दीमागे झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, टाइप कोण करतंय ते तिला तिथून दिसत नव्हतं. मी दिराचा जबाब टाइप केला, कागद-कार्बन बदलले आणि दुसरा घेतला. तेवढ्यात म्हातारा उठून उभा राहिला. दोनची एसटी चुकली तर त्याला संध्याकाळपर्यंत बसून राहावं लागलं असतं. बाबांनी वाचून न दाखवताच दोन्ही कागदांवर अंगठे घेतले आणि त्याला जाऊ दिलं.

तो गेल्यावर त्यांनी सवयीने बाईपाशी जाऊन तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. ओहोळाकाठच्या कागदावर आले आणि बाई म्हणाली, "ता नाव माझ्या घरवाल्याचा नाय. ता माझ्या देराचा."

माझ्या बोटांनी मागच्या कागदावरचं नाव तसंच पुढे ओढलं होतं. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. कागद पुन्हा टाइप करायचा तर अंगठा पुन्हा हवा, आणि अंगठा एसटीत बसून गेलेला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, रागावले नाहीत, पेटीतून डबी काढली. तिन्ही प्रतींवर त्यांनी चुना लावला, फुंकर घातली, आणि मी त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव टाइप केलं. बाबांनी पुन्हा वाचून दाखवलं. "आता बरा," बाई म्हणाली. एक प्रत तिला दिली, एक दाव्याला जोडली, एक आमच्याकडे राहिली. आमची प्रत पुढे वाळवीने खाल्ली. बाबा गेले, टाइपरायटर माळ्यावर गेला, आणि मी तलासरीला हायवेजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं.

चुना डिंकाने कागदाला किती वर्षं धरून राहतो, हे बाबांनी कधी तपासलं नव्हतं. तपासणार तरी कसे?

मागच्या वर्षी ती बाई दुकानात आली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. जुने दावे पुन्हा तपासायला घेतले होते आणि तिला सुनावणीला बोलावलं होतं. कागद उलगडताना काउंटरवर पांढरा भुगा पडला. नावाच्या जागी चुन्याचा एक कण उरला नव्हता. वर टाइप केलेलं तिच्या नवऱ्याचं नाव चुन्याबरोबर झडून गेलं होतं, आणि खालून दिराचं नाव स्वच्छ वर आलं होतं. इतकं स्वच्छ, की मला क्षणभर बाबांच्या उन्हात तापवलेल्या कार्बनचा राग आला.

"काय झाला बाय?" तिने विचारलं.

कागदावर आता दिराचं नाव आहे, हे मी सांगितलं. तिने नावाच्या जागेवर बोट ठेवलं. "तुझ्या बापानं वाचला तवा तं बरोबर होता ना?"

"होतं, मावशी."

"मग?"

जबाब देणारा म्हातारा केव्हाच गेला होता. दीरही गेला होता. मी तिच्याबरोबर सुनावणीला गेले. निदान एवढं तरी करावं, असं मनात म्हटलं. समितीपुढे फाइल उघडली, तर मूळ प्रतीवरचाही चुना पोपडे धरून निघालेला. समितीच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला विचारलं, "हे टाइप कोणी केलं होतं?"

मी म्हणाले, "वडिलांनी. ते आता नाहीत."

असं का म्हणाले, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. दुकानाला सरकारी फॉर्म भरायची परवानगी आहे, ती जाईल अशी भीती वाटली. चारचौघांत लाज वाटली. आणि चुना तर बाबांचाच होता, म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली. हे सगळं एका श्वासात झालं.

साहेब म्हणाले, "ते हयात असते तर काम सोपं होतं. टाइप करणाऱ्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं असतं की जबाबात मूळ नाव कोणतं सांगितलं होतं आणि दुरुस्ती का केली, तर आम्ही धरलं असतं. आता कोणाला विचारायचं?"

मी तिथेच उभी होते. हयात. म्हाताऱ्याच्या तोंडून दोन्ही नावं मी माझ्या कानांनी ऐकली होती. आत्ता बोलले तर मघाचं खोटं उघडं पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोलू, उद्या येऊन लिहून देऊ, असं मी स्वतःला सांगत राहिले. जेवणाची सुट्टी झाली. उद्याही झाला. महिना गेला. बाबा असते तर त्यांनी एका मिनिटात माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली असती, आणि मी ती त्यांच्या माघारी त्यांच्या अंगावर टाकली. त्यांच्या प्रयोगांची मी आयुष्यभर थट्टा केली, पण ते चूक झाकायचे ती कोणाचं तरी काम अडू नये म्हणून. मी झाकली ती माझ्यासाठी.

निकाल लागला. टेकडीवरचा तुकडा दिराच्या वारसाला, आणि कागदावर जे नाव वाचता येत होतं त्याप्रमाणे ओहोळाकाठचाही त्यालाच. बाईचा दावा पुराव्याअभावी नामंजूर झाला. वर अर्ज करता येतो, हे मी तिला निरोप धाडून कळवलं. स्वतः गेले नाही. तिनेही अर्ज केला नाही.

नाव वाचता येत नाही, पण वाकडं काही झालंय हे कळतं, अशी किती माणसं या दोन तालुक्यांत असतील? कुणाच्या पेटीत, कुणाच्या कणगीमागे बाबांचा चुना या पावसाळ्यात हळूहळू सुटत असेल? ते कागद बाबांनी कधी मोजून ठेवले नाहीत, आणि मी आता शोधायला निघणार नाही, हेही मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात एक तरुण दुकानात आला. वापीला कंपनीत कामाला आहे म्हणाला, बोलण्यात निम्मं गुजराती. सरकारी शिक्क्याचा कोरा करकरीत कागद त्याने जपून पुढे केला. "ताई, या कागदाचा लॅमिनेशन करी द्या ना. पाऊस येल तं खराब होईल." ओहोळाकाठच्या तुकड्याचा पट्टा होता तो. त्यावर कॉम्प्युटरने छापलेलं त्याचं नाव होतं, ठळक, कुठेही डाग नाही.

मी विचारलं, "जमीन कोण कसतं?"

"काकी कसते. मला कुठं टाइम आहे? मी बोललो, तू जिवंत आहे तोवर कर. पेरायच्या आधी मला फोन करते बिचारी, विचारते, पेरू का म्हणून." तो चांगला मुलगा होता. त्याच्यावर रागवायलाही काही जागा नव्हती.

मी कागद प्लास्टिकमध्ये सरकवला आणि मशीनमध्ये घातला. दुसऱ्या बाजूने तो गरम, सपाट, बंद होऊन बाहेर आला. आता त्यातलं एक अक्षरही कोणाला बदलता येणार नाही. मी कडा कापून त्याच्या हातात दिला आणि सहज म्हटलं, "वापीलाही झालं असतं की. इथे मुद्दाम कशाला आलास?"

"काकीनं पाठवला," तो म्हणाला. "बोलली, बापाच्या हातून चूक झाली त्यात पोरीचा काय दोष? ती माझ्यासाठी कचेरीत आली होती. कागद तिच्याकडंच ने."