प्लेगातला डाव
कडुनिंबाच्या धुराचा वास आला की तळोद्याच्या क्लबातली ती संध्याकाळ आठवते. गावात प्लेग होता, दारात पाला धुमसत होता, तरी मी आणि माझा मित्र बुद्धिबळाला बसलो होतो. वजीर उचलता उचलता तो थांबला, सदऱ्यात हात घालून त्याने काख चाचपली आणि झटकन मागे सरकला. "मन्ही काखमा गाठ शे. मन्हा मांगे येऊ नको," म्हणाला, आणि घरी म्हातारी आई होती म्हणून थेट शेतातल्या झोपडीत जाऊन राहिला. आई रोज बांधावरून हाक मारायची, तो आतून ओ द्यायचा. एका सकाळी ओ आली नाही. आता मीही म्हातारा झालोय. घरात कुणी हाकेला उशिरा ओ दिली, तरी मी उठून त्याच्या खोलीत डोकावून येतो.